भाऊसाहेबांचं अभ्यंगस्नान

नाशिक जिल्ह्यात आंघोळ ही खासगी बाब नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, लाखो माणसं रामकुंडावर उतरतात आणि त्यांच्या एका बुडीसाठी वर्षवर्षभर आधी रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, बैठका झडतात. २०१५ चा सिंहस्थ झाला, आता पुढच्याची धांदल चालू आहे. आम्ही एकलहऱ्याचे लोक गंगेच्या खालच्या अंगाला. (तिला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, हे नाशकात लगेच ओळखतात.) वर सगळ्यांनी पापं धुतली की ते पाणी आमच्याकडे येतं. आम्ही ते उचलून, गाळून, त्यातले क्षार काढून बॉयलरमध्ये घालतो आणि त्याची वाफ करतो. पापाची विल्हेवाट लावण्याची याहून खात्रीची पद्धत कुठल्या क्षेत्री असेल असं मला वाटत नाही.

‘आम्ही’ म्हणजे औष्णिक वीज केंद्र. इथलं पहिलं युनिट १९७० च्या सुमाराला चालू झालं तेव्हा मी चड्डीत होतो. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटची तीन युनिटं आली आणि पुढे त्यातल्या एकाच्या बॉयलरवर मी चिकटलो. जुनी दोन युनिटं केव्हाच मोडीत निघाली, ही तीन अजून आहेत, मी निवृत्त झालो. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महावितरण, महापारेषण अशा कंपन्या झाल्या, तरी गावाच्या लेखी आम्ही ‘बोर्डातले’च. बोर्डातल्या माणसाला, त्यातून बॉयलरवरच्या, एक दुखणं असतं. ५४० अंशांची वाफ, तिचा दाब, ड्रममधल्या पाण्याची पातळी हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळल्यावर त्याला वाटायला लागतं, की पाणी आणि उष्णता या दोन विषयांत आपल्याला कुणी शिकवू नये. घरी गीझर बसवायला आलेल्या पोराला मी खुर्चीत बसवून व्याख्यान दिलं होतं. तो गीझर गळतो, पण तो विषय वेगळा.

तर अशा माणसाच्या घरी दिवाळीच्या तोंडावर दोन गिनीपिग आले.

मुलगी-जावई पुण्याला. दोघांनाही लक्ष्मीपूजनापर्यंत रजा नव्हती, म्हणून नातीला आधी पाठवलं आणि नातीबरोबर एक पिंजरा. पिंजऱ्याला मुलीच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता: काय खायला घालायचं, काय नाही, उचलताना छातीखाली आणि ढुंगणाखाली असे दोन्ही हात कसे द्यायचे, उन्हात का ठेवायचं नाही. शेवटची ओळ लाल शाईत होती. ‘आंघोळ घालायची नाही.’ खाली दोन रेघा. या ओळीच्या अर्थावरून पुढे आमच्या घरात बरीच चर्चा झाली. ती सूचना सर्वसाधारण जनतेसाठी होती, असं माझं म्हणणं.

पुण्यात त्यांची नावं कुकी आणि ब्राउनी अशी होती. एकलहऱ्यात ती अर्धा दिवसही टिकली नाहीत. नाशिक-नगरकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. मोठा गिनीपिग आल्या आल्या एका जागी बसला आणि समोर ठेवलेला कागद शांतपणे खाऊ लागला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अगंबाई, भाऊसाहेब!” बारसं झालं. दुसरा आपोआप रावसाहेब. मग बोलणंही तसंच सुरू झालं. “भाऊसाहेब जेवले का?” “रावसाहेब आत्ताच पडलेत, आवाज करू नका.” मी जेवलो का, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही.

प्राणी म्हणाल तर किलोभर वजनाचा. शेपटी नाही. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. दात जन्मभर वाढतात, म्हणून दिवसभर गवत चावत राहायचं. सकाळी फ्रिजचं दार उघडलं की दोघं ‘वीऽक वीऽक’ अशी शिट्टी ठोकत. आम्ही केंद्राच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं. आता भोंगा घरात आला. नाशिकची कोथिंबीर गाड्या भरभरून मुंबईला जाते हे ठाऊक होतं, ती एका पिंजऱ्यात किती जाऊ शकते हे नव्यानं कळलं. शेजारच्या मावशींनी कौतुकानं गाईसाठी कापलेल्या घासाची पेंढी आणून दिली. नात म्हणाली, “मोठ्या गिनीपिगला घास रोज नसतो द्यायचा. त्यात कॅल्शियम जास्त असतं, मूतखडा होतो.” मावशींना स्वतःला मूतखडा असल्यामुळे त्यांना हे चटकन पटलं.

माणसासारखंच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, हेही नातीनंच सांगितलं. ते खाण्यातून मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो. नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी १९०७ मध्ये स्कर्व्हीचा माग काढला तो गिनीपिगांवरच. हे ऐकल्यापासून सौभाग्यवती रोज पेरू आणि ढोबळी मिरची बारीक चिरून पिंजऱ्यात ठेवू लागल्या. मला पेरू हवा असेल तर तो कुठे असतो ते मला माहीत आहे, असं उत्तर मिळालं.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नातीनं विचारलं, “आबा, उद्या पहाटे आंघोळ केली नाही तर नरकात जातो ना?”

“असं म्हणतात.”

“मग भाऊसाहेब?”

मी तिसरीतल्या मुलीपुढे गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्रश्नात पाणी होतं, उष्णता होती, आणि समोर बॉयलरवरचा माणूस होता. सौभाग्यवती म्हणाल्या, “मुकं जनावर ते, त्याला कसला नरक? आणि तो कागद वाचलात ना?”

“वाचला,” मी म्हणालो. “शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलं तर काही होत नाही.”

रात्री बसून मी रीतसर वर्क परमिट तयार केलं. कामाचं स्वरूप: भाऊसाहेब, अभ्यंगस्नान. ठिकाण: मागचं न्हाणीघर. परमिट देणार मी, घेणार मी. सुरक्षा अधिकारी म्हणून सौभाग्यवतींची सही हवी होती, त्यांनी दिली नाही. स्नान फक्त भाऊसाहेबांना, रावसाहेब स्टँडबाय. एक चालू, एक स्टँडबाय हा आमचा नियम, मग पंप असो की गिनीपिग.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली होती. एकलहऱ्याहून निफाड काही फार लांब नाही, आणि निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी थंडीभर पेपरात असते. तसा कडाका अजून यायचा होता, पण पहाटे शाल सोडवत नव्हती. न्हाणीघराच्या खिडकीच्या दोन काचा मागच्या दिवाळीपासून बसवायच्या राहिल्या होत्या. तिथून गंगेवरचा वारा सरळ आत येत होता. मला तो ‘व्हेंटिलेशन’ म्हणून पसंत होता.

गिनीपिगच्या अंगाचं तापमान ३८-३९ अंश, तेव्हा पाणीही तेवढंच हवं, इथपर्यंत माझं गणित बरोबर होतं. मोजायला घरात तापाचा थर्मामीटर होता. तो बादलीत धरला, त्यानं नुसतं ‘एच’ दाखवलं. विसण घातलं, परत धरला. आता ‘एल’. पुन्हा गरम, पुन्हा विसण. असं करता करता बादली भरून वाहू लागली. शेवटी सौभाग्यवती आल्या, पाण्यात कोपर बुडवलं, “झालं” म्हणाल्या आणि फराळाकडे वळल्या. ५४० अंश सांभाळणाऱ्या माणसाचं ३८ अंशांपाशी अडलं, याची नोंद त्यांनी घेतली असणार, कारण पुढे पाडव्यापर्यंत ती मला वेळोवेळी ऐकवण्यात आली.

अभ्यंग म्हणजे आधी तेल. तिळाचं तेल कोमट करून वाटीभर घेतलं. भाऊसाहेबांना पाटावर बसवलं, पाटाभोवती नातीनं रांगोळी काढली होती, त्यातली थोडी त्यांनी चाखली. मी मानेपासून मागे तेल चोळायला सुरुवात केली. भाऊसाहेब निश्चल. डोळे मोठे, अंग ताठ, मिशीसुद्धा हलत नव्हती.

“बघ, किती आवडतंय त्यांना,” मी नातीला म्हणालो.

गिनीपिग भीतीनं गारठला की जागच्या जागी थिजतो, हलत नाही की ओरडत नाही, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेला पडू नये. इथे शिकारी मी होतो. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं.

वाटी संपली. केसांची गोष्ट अशी की तेल त्यात जितकं घालाल तितकं जातं आणि बाहेर येत नाही. त्यावर उटणं: नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन, मुलतानी माती, सगळं अस्सल, सराफ बाजाराजवळच्या जुन्या दुकानातून आणलेलं. तेलावर ते असं काही बसलं की भाऊसाहेब थापायला घेतलेल्या थालीपिठासारखे दिसू लागले. इथवर आल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. नुसत्या तेलाचा गिनीपिग पुसून परत देता आला असता, थालीपिठाचा नाही.

आता पाणी. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी कमी पडलं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर ते वाफेबरोबर टर्बाइनकडे जातं. म्हणून पातळी दोन्ही बाजूंनी सांभाळायची, नाहीतर युनिट ट्रिप. हे मी कित्येक शिकाऊ पोरांकडून घोकून घेतलं होतं. आणि समोरचं प्लास्टिकचं घमेलं मात्र काठोकाठ भरलं, कारण सगळं अंग एकदम भिजलं की काम लवकर उरकेल असा विचार.

भाऊसाहेबांचे पाय तळाला लागले नाहीत.

गिनीपिगला पोहता येतं. येतं म्हणजे जीव वाचवण्यापुरतं, हौसेखातर नाही. भाऊसाहेबांनी दोन हात मारले, माझ्या मनगटावर नखं रोवली, खांद्यावर आले आणि खांद्यावरून उडी घेतली. मी झेलायला गेलो. तेल लावलेला गिनीपिग हातात राहत नाही, ही माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये दिलेली नसते. ते हातातून निसटून मांडीवर, मांडीवरून फरशीवर आणि फरशीवरून वॉशिंग मशिनखाली. त्यांच्या मागे वाकताना माझा पाय तेलावर पडला आणि मी घमेल्यात बसलो. पाणी खरोखरच छान कोमट होतं.

दारातून आवाज आला, “झालं का स्नान?”

“माझं झालं,” मी म्हणालो.

उंचावरून पडणं या प्राण्याला फार वाईट. हाडं नाजूक, पाठीचा कणा नाजूक. भाऊसाहेब पडले ते माझ्या मांडीच्या गादीवर, म्हणून वाचले. त्या क्षणी माझ्या शरीराचा झालेला तेवढाच उपयोग. पण मशिनखालून काढायचं कसं? मी झाडू सुचवला, तो सौभाग्यवतींनी माझ्या हातातून काढून घेतला. नातीनं स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची पिशवी आणली आणि नुसती चुरचुर वाजवली. मशिनखालून एक बारीक ‘वीक’ आली. पाठोपाठ भाऊसाहेब आले, मशिनखालची सगळी जळमटं अंगावर घेऊन.

तोवर सौभाग्यवतींनी पुण्याला फोन लावला होता. मुलीनं फोनवर काय म्हटलं ते इथे देत नाही. सणाचा दिवस होता. तिनं एका पशुवैद्यकांचा नंबर दिला. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांनी फोन उचलला, हे त्यांचे उपकार. त्यांच्याही घरी आंघोळींची रांग लागली असणार, मागे बादलीचा आवाज येत होता.

“काय लावलंय अंगाला?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“तिळाचं की खोबरेल?”

“तिळाचं. का, फरक पडतो?”

“नाही, सहज विचारलं. आता मी सांगतो तेवढंच करायचं. आधी खिडकी बंद करा. काच नसेल तर टॉवेल कोंबा. दारही बंद. घमेल्यातलं पाणी ओता, दोन बोटं ठेवा. पोटाला लागेल इतकंच, खांद्यापर्यंत नाही. तळाला जुना टॉवेल घाला, पाय घसरले नाहीत तर तो निम्मा शांत होतो. एक हात कायम छातीखाली. पाणी पेल्यानं, मानेच्या मागून, शेपटीकडे.”

“शेपटी नाही त्याला.”

“मला माहीत आहे हो. डोक्यावर नाही, कानात नाही, नाकातोंडात तर नाहीच. तोंड पुसायचं झालं तर ओल्या फडक्यानं. आणि साबण?”

“मोती आणून ठेवलाय.”

“तो तुम्ही लावा.”

माणसाचा साबण, शाम्पू, शिकेकाई यांतलं काहीच चालत नाही. त्यांची कातडी फार नाजूक, कोरडी पडते, खाजते. शिवाय अंगावर जे राहील ते चाटून पोटात जातं. उटणंही त्यात आलं, हे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही, पण सुरात होतं. लहान प्राण्यांसाठी मिळणारा सौम्य शाम्पू मुलीनं बॅगेच्या तळाशी ‘अगदीच वेळ आली तर’ म्हणून दिलेला निघाला. लाल शाईतल्या ओळीनंतरही तिनं तो दिला होता, म्हणजे तिला तिचे वडील माहीत होते.

मग सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि मला बाहेर काढलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. त्यांनी मागची बाजू आधी धुतली, मग पोट, मग पाठ, दर वेळी ताजं पाणी, आणि सगळं चाललेलं असताना नात भाऊसाहेबांच्या तोंडाशी एकेक काडी कोथिंबीर धरत होती. तेल सगळं गेलं नाहीच. पण पंधरा मिनिटांत काम संपलं. एकदाही ट्रिपिंग नाही.

वाळवण्याचं खातं मी मागून घेतलं. इथे तरी माझा अनुभव कामी येणार, अशी माझी खात्री होती. टॉवेलनं टिपून झालं, पण केस आतून ओलेच. मी खोली गरम करायला हीटर लावला. हेअर ड्रायर लावला, कमी वेगावर, लांबून, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. टॉवेल गरम हवा म्हणून इस्त्री लावली. न्हाणीघरातला गीझर चालूच होता, नातीची आंघोळ बाकी होती. वीजनिर्मितीत जन्म गेलेल्या माणसाला भाराची बेरीज करायला कुणी सांगावं? बोर्डावर ‘टप्’ असा आवाज झाला आणि घर अंधारलं. आकाशकंदील गेला, दारावरची माळ गेली, देवघरातला लाल दिवा गेला. मुख्य एमसीबीच पडला होता.

बाहेर सगळी आळी उजळलेली. आमच्या गच्चीच्या मागे केंद्राची चिमणी, तिच्यावरचे लाल दिवे लुकलुकत होते. शेजारून मावशींचे यजमान ओरडले, “अहो बोर्डवाले, लाईट फक्त तुमचीच गेली का?”

एमसीबी वर करायला स्टुलावर चढायचं, तर हातात ओले भाऊसाहेब. मी त्यांना स्वेटरच्या आत घेतलं, छातीशी, आणि अंधारात बसून राहिलो. बसल्या बसल्या मला पहिल्यांदा त्या दिवशी करायला हवा होता तो हिशेब सुचला.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं बर्फ किती वितळतो ते मोजलं. श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं सावकाश जळणं आहे, हे त्यातून पुढे आलं. कोळसा जळतो तसाच, फक्त ज्वाला नाही. म्हणजे गिनीपिग हे एक औष्णिक केंद्र. गवत हा कोळसा, लेंड्या ही राख, आणि राखेचं प्रमाण आमच्या कोळशाच्या तोंडात मारेल असं. या केंद्राची क्षमता किती? किलोभराच्या, स्वस्थ बसलेल्या प्राण्याची उष्णता काढली तर साडेतीन ते चार वॅट भरते. चार वॅट! मी २१० मेगावॅटवर नोकरी केलेली, आणि ज्याच्यापुढे हरलो ते युनिट रात्रीच्या दिव्याएवढं.

पुढचा हिशेब जास्त वाईट होता. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडून जायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती अंगातूनच घेतली जाते. कूलिंग टॉवर याच तत्त्वावर चालतो: थोडं पाणी उडतं, उरलेलं थंड होतं. वारा असेल तर काम आणखी जोरात. भाऊसाहेबांच्या केसांत नुसतं पन्नास ग्रॅम पाणी अडकलं असं धरा, म्हणजे कटिंग चहाभर. ते स्वतःच्या अंगच्या उष्णतेनं वाळवायचं म्हटलं तर त्यांची आठ-नऊ तासांची सगळी निर्मिती त्यातच खर्ची पडली असती. पचनाला नाही, हालचालीला नाही, सगळी वाळण्याला. एवढ्याशा जीवाला थंडी का भरते, सर्दीवरून फुप्फुसापर्यंत का जातं, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. कूलिंग टॉवर मीच शिकवत होतो पोरांना. आणि फुटक्या खिडकीपाशी, नोव्हेंबरच्या पहाटे, गंगेच्या वाऱ्यात मी स्वतःच्या हातांनी एक चालू केला होता.

लाव्हाझिएनं त्याचा गिनीपिग बर्फात बसवला, पण भिजवला नाही. थोर शास्त्रज्ञात आणि माझ्यात हा मूलभूत फरक. (लाव्हाझिएचा पुढे १७९४ मध्ये शिरच्छेद झाला. हे सौभाग्यवतींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “बरं झालं.” राज्यक्रांतीचा आणि गिनीपिगचा संबंध नव्हता, हे त्या ऐकून घेईनात.)

स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो. तेव्हा मी बसलो. स्वेटरच्या आत शंभर वॅटच्या युनिटला चार वॅटचं युनिट सिंक्रोनाइज झालं आणि हळूहळू भाऊसाहेबांचा थरकाप थांबला. ड्रायर, हीटर, इस्त्री, पाच किलोवॅटचा सगळा सरंजाम बंद पडल्यावर काम झालं. थोड्या वेळानं माझ्या पोटावर काहीतरी कोमट पसरलं. तेही ३८-३९ अंशांचंच असणार, मी मोजलं नाही.

पूर्ण वाळल्याशिवाय पिंजऱ्यात ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फराळ, ओवाळणं, शेजाऱ्यांचं येणं-जाणं सगळं मी स्वेटरात भाऊसाहेब घेऊनच केलं. दुपारी त्यांना परत सोडलं आणि नवाच पेच उभा राहिला. रावसाहेबांनी त्यांना ओळखलं नाही. हे प्राणी एकमेकांना वासानं ओळखतात. इथे सख्ख्या भावाच्या नावाखाली नागरमोथ्याचा आणि वाळ्याचा वास मारणारा कुणी परका घरात घुसत होता. रावसाहेबांनी मान वर केली, अंगाचे केस फुलवले आणि दात कडकडवले. माणसाला हा आवाज थंडीचा वाटतो, गिनीपिगच्या भाषेत ती धमकी असते. आंघोळ घातलीच तर जोडीला दोघांना घालतात, ती याचसाठी. माझ्या स्टँडबायच्या धोरणानं दोन भावांत वाद लावला होता. गावात सातबाऱ्यावरून लागतात, आमच्याकडे उटण्यावरून.

तडजोड सौभाग्यवतींनी घडवली. पिंजरा सोडून दोघांना बैठकीच्या खोलीत, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या सतरंजीवर आणलं, मधे कोथिंबिरीचा ढीग घातला, आणि रावसाहेबांच्या खालचं जुनं फडकं भाऊसाहेबांच्या पाठीवरून फिरवलं. संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी बसून एकाच काडीची दोन टोकं खात होते. तेवढ्यात मुलगी-जावई आले.

लक्ष्मीपूजन होऊन पाडवा उजाडला तसं आम्ही भाऊसाहेबांना नाशिकरोडला डॉक्टरांकडे नेलं, सर्दी-शिंका तपासायला. छाती स्वच्छ निघाली. घरातल्या डब्यात माझ्या जुन्या खोकल्याच्या अॅमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या उरल्या होत्या, शिंक आलीच तर अर्धी द्यायची का, असं मी चौकशीखातर विचारलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि त्यात प्राणी दगावतो. माणसाच्या डब्यातली गोळी द्यायचीच नाही. मुलीनं तिथल्या तिथे माझ्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर तो डबाच दिसला नाही.

मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. धडधाकट गिनीपिगला आंघोळ लागत नाही, तो स्वतःला आणि जोडीदाराला साफ ठेवतो. अंथरूण कोरडं आणि पिंजरा स्वच्छ असला की झालं. म्हातारा किंवा लठ्ठ झाला, मागची बाजू लेंड्यांनी माखली, लांब केसांचा असला, तर तेवढाच भाग धुवायचा. पावसाळ्यात मागची बाजू ओली राहिली तर माशी अंडी घालते, तेव्हा दुर्लक्ष करायचं नाही. गजकर्ण झाला तर डॉक्टर औषधी शाम्पू देतात, आणि गजकर्ण माणसालाही लागतो, म्हणून हातमोजे घालायचे. पोटुशी मादी, पिल्लू, आजारी प्राणी यांना पाण्याजवळही न्यायचं नाही. उंदराच्या जातीचे काही प्राणी मातीत लोळून अंग साफ करतात, ते पाहून यांना भुकटीत घालू नये, डोळ्यांना आणि श्वासाला त्रास होतो.

“आणि तेल?” मी विचारलं. इतक्या वाटीभर तेलाचं काहीतरी व्हायला हवं होतं.

डॉक्टरांनी भाऊसाहेबांना उलटं न करता, नुसतं वळवून, शेपटी असायला हवी होती ती जागा दाखवली. तिथे एक ग्रंथी असते, नरांमध्ये जास्त स्रवणारी, त्यावर मेणचट थर चढतो. तो सैल करायला बोटाच्या टोकावर मावेल इतकं खोबरेल चालतं. तिथे आणि तेवढंच.

“अभ्यंग म्हणायचं का त्याला?”

“तुम्ही काहीही म्हणा, लावू मात्र बाईंना द्या.”

भाऊसाहेब त्यानंतर पुण्याला सुखरूप गेले. उटण्याचा वास त्यांना बरेच दिवस येत होता आणि सोसायटीत त्याचं कौतुक झालं म्हणतात. नातीनं नरकाचा प्रश्न पुन्हा काढला नाही. आंघोळ करूनही भाऊसाहेबांना कुठे जाऊन यावं लागलं, ते तिनं पाहिलं होतं. कागदावरच्या लाल ओळीत आता एक शब्द वाढला आहे: ‘बाबांनी’.

तुमच्या घरी यंदा दिवाळीला असे कुणी पाहुणे असतील, तर त्यांना फटाक्यांपासून लांब आतल्या खोलीत ठेवा, जोडी फोडू नका, उटणं स्वतःला लावा. आणि कुणाला तरी आंघोळ घालायची हौस फारच अनावर झाली, तर त्यांच्या कोथिंबिरीला घाला, चांगली दोन-तीन पाण्यांतून. तिच्यावर फवारणी झालेली असते.